सोसायटीचं आवार गाड्यांपासून मोकळं करायचं असेल तर

'आवारात गाड्यांना बंदी' असा विषय घेऊन कुठल्याही सर्वसाधारण सभेत गेलात तर तो ठराव पडणार, आणि तो पडावाच. घरात डायलिसिसचा पेशंट असतो, कुणाची आई वॉकर घेऊन चालते, कुणी रात्री दोनला ड्युटीवरून येतं. गाडी ही त्यांची गरज आहे. तेव्हा मागणी नीट मांडा: गाडी असू द्या, पण ती फाटकाच्या बाजूला उभी राहील आणि घरांच्या मधली जागा माणसांना मिळेल. माझ्या मते राहत्या वस्तीची रचना मुळातच अशी हवी. आधी चालण्याची, बसण्याची, खेळण्याची जागा आखायची आणि मग गाड्यांना कडेची जागा द्यायची. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं.

मी नाशिकला इंदिरानगरात राहते, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे आणि आमच्या सोसायटीची सेक्रेटरीही आहे. चार इमारती, चौसष्ट फ्लॅट, खाली स्टिल्ट (खांबांवर उभ्या इमारतीखालची मोकळी पार्किंगची जागा), मध्ये चौक आणि एकच फाटक. या चौकात आता गाडी उभी राहत नाही. ज्यांना आपल्याकडे हे करायचंय त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पहिलं काम म्हणजे मंजूर नकाशा मिळवणं. सोसायटीच्या कपाटात नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागातून प्रत काढा. नकाशावर तीन गोष्टी रंगवून घ्या: पार्किंग म्हणून दाखवलेल्या जागा, अग्निशमनाच्या गाडीचा मार्ग आणि मोकळी जागा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. तुमचं बांधकाम जुनं असेल तर त्या वेळचे नियम लागू असतील, पण नकाशात 'ओपन स्पेस' असं लिहिलेलं असेल आणि तिथे आज गाड्या उभ्या असतील, तर तुम्ही नवीन काही मागतच नाही. कागदावर असलेली जागा परत मागता आहात. सभेत हा मुद्दा फार उपयोगी पडतो.

आता नकाशा १:२०० या प्रमाणात मोठा काढून घ्या. एका चारचाकीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात. या प्रमाणात ती साडेबारा मिलिमीटर बाय पंचवीस मिलिमीटर होते. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तेवढे तुकडे कापा, आवारात जितक्या गाड्या तितके. गाड्या समोरासमोर काटकोनात लावायच्या असतील तर मधला रस्ता सहा मीटर लागतो, म्हणजे कागदावर तीन सेंटीमीटर. दुचाकीला एक मीटर बाय दोन मीटर पुरते. तिचे तुकडे वेगळ्या रंगाचे ठेवा.

हा पोरखेळ वाटेल, पण माझ्या अनुभवात भाषणांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला. टेबलावर नकाशा पसरला की लोक खुर्च्या सोडून भोवती जमतात. जे काका 'जागाच नाही' म्हणत असतात तेच तुकडे सरकवायला लागतात. पश्चिमेच्या कंपाउंड वॉलला लागून गाड्या तिरक्या लावल्या तर जास्त बसतात का, हे आमच्याकडे त्यांनीच करून पाहिलं. बसत नव्हत्या. सरळ लावल्या तर बसत होत्या, फक्त पंपरूमच्या शेजारचा भंगाराचा ढीग हलवावा लागणार होता. तो ढीग दुसऱ्या रविवारी हलला. आणखी एक हिशेब तिथेच सांगा. एका गाडीची साडेबारा चौरस मीटर जागा म्हणजे सुमारे १३४ चौरस फूट. आमच्या टू बीएचकेतली दहा बाय बाराची बेडरूम १२० चौरस फुटांची आहे. आवारातली प्रत्येक उभी गाडी एका बेडरूमहून मोठी जागा घेते, आणि ती जागा सगळ्यांच्या मालकीची असते.

किती गाड्या खरंच वापरात आहेत ते पाहायला साधी युक्ती आहे. रात्री सगळे घरी आले की टायरवर आणि त्याच्या बरोबर खाली फरशीवर खडूने एक सलग रेघ ओढा. सोसायटीच्या ग्रुपवर आधी सांगून ओढा, नाहीतर गैरसमज होतात. आठवड्याने पाहा. ज्या गाड्यांची रेघ अजून जुळलेली आहे त्या हललेल्या नाहीत. आमच्याकडे अशा अकरा निघाल्या. मुलगा बंगळुरूला आणि गाडी इथे, वडिलांची जुनी गाडी विकवत नाही, एकाची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि गाडी कोर्टकचेरीत अडकली. या गाड्यांना चौकातली मोक्याची जागा लागत नाही. त्या सगळ्यात मागच्या कोपऱ्यात, कव्हर घालून उभ्या राहू शकतात. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो.

यापुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. इथे घाई करू नका.

दारापर्यंत कुणाची गाडी आलीच पाहिजे, ते चौकात एकही खांब रोवण्याआधी ठरवा. १०८ ची रुग्णवाहिका. अग्निशमन दल. चालता न येणारा माणूस. सामानाचा टेम्पो. गॅसचा सिलिंडर. कचऱ्याची गाडी फाटकाशी थांबली तर चालतं, पण मग डबे तिथपर्यंत नेणाऱ्या मावशींना चाकांचा गाडा घेऊन द्या. अग्निशमनाचा मार्ग मंजूर नकाशात असेल तसाच पूर्ण रुंद ठेवायचा. तिथे कुंडी, बाकडं, खांब, काहीही पक्कं नको. बाकीच्या ठिकाणी काढता-घालता येणारे लोखंडी खांब बसवा, कुलूपवाले. किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला, आणि दुसरा जोड प्रत्येक इमारतीत एका घरी. मग एकदा रात्री तालीम करा. वॉचमनला न सांगता एखादा मोठा टेम्पो बोलवा आणि खांब निघून टेम्पो शेवटच्या इमारतीच्या जिन्याशी पोचायला किती वेळ लागतो ते पाहा. वळताना कोपऱ्यावर अडला तर तिथली कुंडी उद्याच हलवा.

सिलिंडरचं मुद्दाम सांगते. भरलेला घरगुती सिलिंडर तीसएक किलोचा असतो. टेम्पो फाटकाशी थांबवून पोऱ्याने तो खांद्यावरून शेवटच्या इमारतीपर्यंत न्यायचा, ही व्यवस्था नव्हे. माथेरानचा धडा नेमका हाच आहे. राज्यातली मोटारमुक्त वस्ती म्हणून आपण कौतुकाने माथेरानचं नाव घेतो. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे चालत, घोड्यावर किंवा १९०७ पासूनच्या नेरळ-माथेरान छोट्या रेल्वेने. तिथली झाडं, लाल मातीची वाट, धूर नसलेली हवा, हे सगळं मलाही प्रिय आहे. पण मोटार थांबली तेव्हा तिचं ओझं माणसांनी आणि जनावरांनी उचललं. हातरिक्षात माणूस बसवून दुसऱ्या माणसाने चढावर ओढायचं, हे वर्षानुवर्षं चाललं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर चालवू दिल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. तुमच्या आवारातली शांतता कुणाच्या खांद्यावर उभी राहणार आहे, हे आधी बघा. आम्ही दोन चांगल्या लोखंडी ट्रॉल्या घेतल्या, रबरी टायरच्या, जिन्याखाली ठेवल्या. प्रत्येक पायरीपाशी उतार केला, एक फूट चढायला बारा फूट लांबी या प्रमाणात. यापेक्षा उभा उतार केला तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याची दमछाक होते. फाटकाशी डिलिव्हरीच्या मुलांसाठी पत्र्याची शेड, बाकडं आणि पिण्याचं पाणी ठेवलं. त्यांना चालायला लावता तर एवढं द्यायलाच हवं.

सुरुवात कधी करायची? गणपतीत. बहुतेक सोसायट्यांमध्ये मांडव चौकातच पडतो. दहा दिवस गाड्या बाहेर लागतात आणि कुणी तक्रार करत नाही. मुलं मोकळी पळतात, आरतीनंतर बायका रात्री उशिरापर्यंत खुर्च्या टाकून बसतात. तुम्हाला जे हवंय ते लोकांनी दरवर्षी केलेलंच असतं. विसर्जनानंतर मांडव उतरला की गाड्या आत यायच्या आधी तिथे कुंड्या ठेवा आणि विनंती करा: अजून महिनाभर असंच राहू दे. शिवाय सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. म्हणजे लोकांच्या डोळ्यांसमोर चौक मोकळा असताना विषय सभेत येतो. गणपती ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला आले तर हे छान जुळतं. उशिरा आले तर विशेष सभा बोलवा.

सभेची नोटीस वेळेत काढा. वार्षिक सभेला चौदा दिवस, विशेष सभेला पाच दिवस. विषय स्पष्ट लिहा, 'आयत्या वेळचे विषय' यात घुसवू नका. ठराव छोटा ठेवा. आमचा असा होता: 'मधल्या चौकात कोणतेही चारचाकी किंवा दुचाकी वाहन उभे करता येणार नाही. रुग्ण, चालण्यास असमर्थ व्यक्ती, सामान व गॅस यांची वाहने दारापर्यंत येतील व काम होताच बाहेर जातील. हा ठराव सहा महिन्यांसाठी असून पुढील निर्णय सर्वसाधारण सभा घेईल.' शेवटचं वाक्य गाळू नका. कायमचं काही लादलं जात नाही हे कळलं की कुंपणावरची मंडळी हात वर करतात.

'मी पार्किंग बिल्डरकडून विकत घेतलंय,' असं कुणीतरी म्हणणार. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० च्या निकालात स्पष्ट केलं आहे की स्टिल्ट आणि उघड्यावरचं पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. हे सांगायचं ते शांतपणे. त्या माणसाने खरंच पैसे मोजलेले असतात आणि त्याचा राग रास्त असतो. त्याला स्टिल्टमधली जागा तशीच ठेवू द्या. आपला विषय चौकाचा आहे. 'गाडी डोळ्यांसमोर हवी' हा दुसरा आक्षेप. तो काढून टाकण्यासारखा नाही, कारण कडेला, भिंतीलगत, अंधारात लावलेल्या गाडीपर्यंत रात्री एकट्या बाईला जायला भीती वाटते. म्हणून आधी दिवे, मग कॅमेरा, मग खांब, हा क्रम चुकवू नका. पावसाळ्यात त्या वाटेवर शेवाळ धरतं, ते महिन्यातून एकदा घासून घ्यावं लागतं.

जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करा. आदर्श उपविधींतही (सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत) तीच पद्धत आहे. पहिल्या गाडीला साधं शुल्क, दुसरीला त्याहून बरंच जास्त. हे पैसे ट्रॉल्या, दिवे आणि झाडांवरच खर्च करा आणि हिशेब फलकावर लावा.

एक गोष्ट मात्र करू नका. आतल्या गाड्या बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर ढकलू नका. आपला चौक स्वच्छ आणि समोरच्या फुटपाथवर आपल्या गाड्या, म्हणजे शेजारच्या आजीला रस्त्यावरून चालायला लावणं. गाड्या आवारातच बसत असतील तेवढाच भाग मोकळा करा, मग हळूहळू गाड्यांची संख्या कमी व्हावी म्हणून प्रयत्न करा. आमच्याकडे नाक्यावर सिटीलिंकचा थांबा आहे. २०२१ पासून ही बस धावते आहे, तिचं वेळापत्रक आम्ही फाटकाशी चिकटवलंय. फाटकासमोर रिक्षा उभी राहील अशी सोय झाली तर म्हातारी माणसं गाडीसाठी मुलांवर अवलंबून राहत नाहीत.

जर्मनीत फ्रायबुर्ग शहरात वोबाँ (Vauban) नावाची वस्ती आहे, फ्रेंच सैन्याची जुनी छावणी मोडून उभी केलेली. तिथे बऱ्याच गल्ल्यांत घरासमोर गाडी लावायला जागाच ठेवलेली नाही. गाडी ठेवायची तर वस्तीच्या कडेच्या गॅरेजमध्ये जागा विकत घ्यायची आणि ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी तसं लिहून द्यायचं. म्हणजे गाडी नसलेल्या घराला दुसऱ्याच्या पार्किंगचा खर्च पडत नाही. २००६ मध्ये ट्राम तिथपर्यंत आली. मला यातला खर्चाचा भाग सगळ्यात पटतो, आणि तो आपल्याकडे पुनर्विकासात आणता येईल.

तुमची इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर आराखडा पक्का होण्याआधीच बिल्डरकडे चार गोष्टी लेखी मागा. गाड्यांचा रॅम्प फाटकाला लागूनच सुरू व्हावा, म्हणजे कुठलीही गाडी लॉबीसमोरून जाणार नाही. फाटकात माणसांचा दरवाजा वेगळा आणि रुंद असावा. पार्किंगपासून लिफ्टपर्यंतची वाट छताखालची आणि उजेडाची असावी. आणि भूखंडाचा एक तरी भाग असा ठेवा की ज्याच्या खाली बेसमेंट नाही. पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या, दोन-चार फूट मातीत शोभेची झुडपं वाढतात. वड, पिंपळ, कडुनिंब यांना खरी जमीन लागते. विक्रीच्या माहितीपत्रकात 'लँडस्केप गार्डन' असं छापलेलं असेल तर त्याच्या खाली काय आहे ते सेक्शनच्या, म्हणजे इमारतीचा उभा छेद दाखवणाऱ्या, नकाशात तपासा. सही त्यानंतरच करा.