सांगलीत जुन्या खानावळीत जेवायला जाताय? मग हे वाचून जा

सांगलीच्या जुन्या पेठांत अजून अशा खानावळी टिकून आहेत जिथं मेनू कार्ड नसतं, आणि असलं तरी ते बघत बसू नका. सकाळी मंडईत काय ताजं मिळालं त्यावर दुपारचं ताट ठरतं, त्यामुळं बसल्या बसल्या पहिला प्रश्न एकच विचारायचा, "मावशी, आज भाजी काय केलीय?" पनीर मसाला मागाल तर कदाचित करूनही देतील, पण तो कुठंही मिळतो हो, इथं त्यांच्या हातचं खायचं.

वेळ म्हणजे साडेबारा ते एक, त्यानंतर गर्दी वाढते आणि चांगली भाजी आधी संपते. रोजच्या मासिक मेंबरांच्या जागा ठरलेल्या असतात तेवढ्या सोडा, बाकी अनोळखी माणसासमोर बिनधास्त बसा आणि त्यालाच विचारा आज काय घेऊ, तो बरोबर सांगतो.

आता सीझन. जमत असेल तर थंडीतच या. कृष्णाकाठची काटेरी देठाची वांगी त्या दिवसांत अशी कोवळी असतात की नुसत्या वाफेवर शिजतात, आत शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं आणि घरची कांदा-लसूण चटणी भरलेली, वर तेलाचा तवंग, मला तर या एका भाजीसाठी थंडी आवडते. तेव्हाच पावटा असतो, हरभऱ्याची कोवळी पालेभाजी असते, आणि कच्च्या मेथीत कांदा, कूट, मीठ, तेल घालून केलेला घोळाना असतो, तो ताटात दिसला नाही तर मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी मागितल्याशिवाय वाढत नाहीत. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी, त्या दिवशी मिसळीची म्हणजे बऱ्याच भाज्या एकत्र करून केलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी कुठं असेल ते दोन दिवस आधीच विचारून ठेवा.

पावसाळ्यात अपेक्षा बदलायची. पालेभाजी महाग होते, चिखलाची येते, आणि 2005 किंवा 2019 सारखा महापूर आला तर मंडईच पाण्यात. मग मटकी, हुलगा, झुणका, उन्हाळ्यात वाळवलेले सांडगे आणि इस्लामपूरकडचा आख्खा मसूर यावर ताट चालतं. याला कमी समजू नका, सांडग्याचा झणझणीत रस्सा पावसात जेवढा लागतो तेवढा एरवी लागत नाही.

भाकरी शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची मागा, जत-आटपाडीकडचा शाळू असेल तर भाकरी पांढरीशुभ्र आणि मऊ येते. पण दोन-तीन एकदम घेऊन ठेवू नका, एक संपत आली की दुसरी सांगा म्हणजे तव्यावरची थेट ताटात येते, गार झाली की ती कडक होते. पहिले चार घास सुक्या भाजीबरोबर खा, मग उरलेली भाकरी ताटात कुस्करून वर रस्सा ओतून घ्या, चमच्याचं काम नाही. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा आणि दही घ्या, रस्सा पाणी घालून पातळ करून मागू नका, सगळी चव जाते. भात शेवटी, थोडा आमटीशी, थोडा ताकाशी, त्यासाठी पोटात जागा ठेवा.

वाढणारे आग्रह करतात. नको असेल तर ताटावर हात आडवा धरून "बास मामा" म्हणा, पण वाढून घेतलेलं टाकू नका, त्याचं त्यांना खरंच वाईट वाटतं. आवडलं तर आत स्वयंपाकघरापाशी जाऊन जी बाई भाकरी थापते तिला सांगा, गल्ल्यावर सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचतंच असं नाही.

सुट्टे पैसे जवळ ठेवा, पार्सल हवं असेल तर स्वतःचा डबा न्या. आणि सात-आठ जण येणार असाल तर सकाळी नऊच्या आत फोन करा, म्हणजे मंडईला जायच्या आधी त्यांना अंदाज येतो.