फ्रेंचांनी स्पेनच्या वसाहती हिसकावल्या असत्या का? हा वाद गच्चीवर कसा घालायचा

आमच्याकडे जळगावात उन्हाळ्यात जेवणं झाली की चार-पाच जण गच्चीवर बसतात आणि कुणीतरी हे काढतंच, की भो, स्पेनने अमेरिकेतून जहाजं भरभरून चांदी आणली तर शेजारचा फ्रान्स काय झोपला होता का, घेऊन टाकायच्या ना वसाहती. मग दोन तास नुसता आरडाओरडा, म्हणून मी एक पद्धत बसवलीये, ती सांगतो.

आधी समोरच्याला साल विचारा. साल नाही तर वाद नाही. 1525 म्हणाला तर तिथंच संपलं, कारण त्या फेब्रुवारीत पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस स्वतःच स्पॅनिश फौजेच्या हाती लागला आणि पुढं माद्रिदच्या कैदेत जाऊन बसला. 1562 च्या पुढचं म्हणाला तर कॅथलिक-प्रोटेस्टंट यादवी सुरू झालेली, ती मिटायला 1598 उजाडलं. मधली 1550 च्या आसपासची वर्षं मात्र खरंच दम असलेली, वाद तिथंच ओढून न्या.

मग खडूने फरशीवर नकाशा काढा, शेंगांची टरफलं म्हणजे जहाजं. इथं वाऱ्याचं समजावून सांगायला विसरू नका, बरेच जण हेच विसरतात. जाताना कॅनरी बेटांवरून वारा पाठीशी, पण येताना त्या वाटेने येता येत नाही, क्यूबातल्या हवाना बंदराजवळून फ्लोरिडाच्या बाजूने प्रवाह पकडून वर जायचं आणि अझोर बेटांकडून घरी. म्हणजे परतीची टरफलं हवानाला गोळा होतात, आपलं भुसावळ समजा, जंक्शन धरलं की गाड्या अडल्या.

आता मुख्य प्रश्न टाका: लुटायचंय की राहायचंय? आमच्यात हे केळीवर समजतं. सावद्याहून निघालेला केळीचा ट्रक रस्त्यात अडवणं एका रात्रीचं काम, पण बाग ताब्यात ठेवायची तर पाणी, मजूर, खत आणि घड कापणीला येईपर्यंत वर्षभर तिथं बसून राहणारा माणूस लागतो. फ्रेंच ट्रक अडवण्यात उस्ताद होते. 1522-23 च्या सुमारास झाँ फ्लूरीने मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसने तिथून पाठवलेला खजिनाच समुद्रात पकडला. 1555 मध्ये जाक द सोर्स हवानात उतरला, गढी घेतली, खंडणी मागितली, मनासारखी मिळेना म्हणून गाव जाळलं आणि काही आठवड्यांत निघून गेला. गाव हातात होतं हो! पण ना मागून रसद येणार होती, ना शेती करणारी कुटुंबं. उलट स्पेन जागं झालं आणि 1558 पासून तिथं नवा दगडी किल्ला बांधायला घेतला.

किनारा घेतला म्हणजे सगळं घेतलं असं कुणी म्हटलं तर असीरगड काढा. 1600 मध्ये अकबराला बुऱ्हाणपूर मिळालं पण असीरगडाने त्याला 1601 च्या जानेवारीपर्यंत ताटकळत ठेवलं, आणि गड पडल्यावरच फारुकींचं खान्देश संपलं. तसंच मेक्सिको शहर व्हेराक्रूझ बंदरापासून आत, 2200 मीटरवर. कोर्तेसने ते 1521 ला घेतलं ते त्लाक्सकाला या तिथल्याच राज्याच्या हजारो लोकांच्या जोरावर, फ्रेंचांना तसे सोबती कुठून मिळणार होते हे समोरच्याला सांगू द्या. तो बहुतेक पाणी प्यायला उठतो.

एक जण फ्लोरिडा काढेलच, त्याला हसू नका, त्याचा मुद्दा सगळ्यात भारी. 1564 ला फ्रेंचांनी फोर्ट कॅरोलिन बांधला, परतीच्या वाटेच्या अगदी कडेला. पुढच्या वर्षी फ्रेंच कप्तान रिबो जहाजं घेऊन सेंट ऑगस्टीन या जवळच्या स्पॅनिश ठाण्यावर स्पॅनिशांना ठोकायला निघाला आणि वादळाने जहाजं किनाऱ्यावर फुटली, तेवढ्यात स्पॅनिश सेनापती मेनेंदेझ भर पावसात दलदलीतून चालत जाऊन थोडेच लढवय्ये उरलेला किल्ला घेऊन मोकळा. वादळ नसतं तर ती लढाई फ्रेंच जिंकले असते, हे मी सरळ मान्य करतो. पण रिबो यायच्या आधी किल्ल्यातले लोक उपाशी होते, काही जण बंड करून जहाज घेऊन लुटालूट करायला पळाले होते, हेही लगेच सांगून टाका.

शेवटचं टरफल हिस्पॅनिओला बेटाच्या पश्चिम टोकाकडे ठेवा. तस्करी थांबवायला स्पेनने 1605-06 मध्ये तिकडची आपलीच गावं उठवून पूर्वेकडं नेली, रान मोकळं पडलं, गुरं तेवढी राहिली. त्या गुरांमागे फ्रेंच शिकारी आले, हळूहळू तंबाखू लावून बसले आणि 1697 च्या तहानंतर तो भाग फ्रान्सचाच झाला, आजचा हैती तोच.