बुलेट जर्नलचा साप्ताहिक प्लॅनर मांडताना या चुका टाळा

बुलेट जर्नल म्हणजे ठिपक्यांच्या वहीत कामं चिन्हांनी नोंदवण्याची पद्धत. स्क्रीनवर नीटनेटका दिसणारा तिचा प्लॅनर छापून हातात येतो आणि दोष दिसायला लागतात. ठिपके चौकटीच्या रेषेला चुकवून एक मिलिमीटर बाजूला पडलेले असतात, बुधवारनंतरचा आठवडा पान उलटल्यावर सापडतो, ‘शनिवार’मधली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली असते. यातल्या मांडणीच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं: चौकटी आधी काढल्या जातात आणि ठिपके मागाहून टाकले जातात. क्रम उलटा हवा. आधी ठिपक्यांमधलं अंतर ठरवायचं, मग समास, चौकटी, ओळींची उंची हे सगळं त्याच मापात बसवायचं.

ए५ पान ५ मिमीने भागत नाही

ठिपक्यांमधलं अंतर ५ मिमी धरू. ए५ पान १४८ × २१० मिमी असतं. २१० ला ५ ने भाग जातो, १४८ ला जात नाही. डाव्या कडेपासून ठिपके टाकत गेलं की उजवीकडे ३ मिमीची चिंधी उरते. म्हणून उरलेलं माप समासात जिरवा: आतला समास १४ मिमी, बाहेरचा ९, वरचा १५, खालचा १०. मधे १२५ × १८५ मिमी जागा मिळते, म्हणजे आडवे २५ आणि उभे ३७ खाने. वायरो किंवा स्पायरल या तारेच्या बांधणीची भोकं आतल्या समासात पडतात, त्यामुळे त्या १४ मिमीत काटकसर करू नका.

२५ खान्यांना ठिपके मात्र २६ लागतात आणि ३७ खान्यांना ३८. हा एक ठिपका विसरला की शेवटची चौकट उघडी राहते.

डाव्या आणि उजव्या पानांची मास्टर पेजेस (ज्यांवरून बाकीची पानं बनतात ते साचे) वेगळी करा. उजव्या पानावर जाळी डावीकडून १४ मिमीवर सुरू होते, डाव्या पानावर ९ मिमीवर. एकाच मास्टरची नक्कल दोन्हीकडे वापरली तर डाव्या पानावरचे ठिपके बांधणीत घुसतात.

आता आठवडा बसवू. वरच्या ४ ओळी तारखा आणि आठवड्याच्या मुख्य कामांना. उरलेल्या ३३ ओळींत ११-११ ओळींच्या तीन चौकटी: पहिली ओळ वाराची, नऊ लिहिण्याच्या, शेवटची मोकळी. डाव्या पानावर सोम, मंगळ, बुध. उजव्या पानावर गुरु, शुक्र आणि तिसऱ्या चौकटीत शनि-रवि शेजारी-शेजारी, १२ खाने + १ मोकळा + १२ खाने. दोन पानांत आठवडा पूर्ण होतो आणि एकही रेषा दोन ठिपक्यांच्या मधे अधांतरी पडत नाही.

देवनागरी हस्ताक्षराला ५ मिमी ओळ अनेकांना अपुरी पडते, कारण मात्रा आणि उकार दोन्हीकडून जागा मागतात. अक्षर मोठं असेल तर ६ मिमीची जाळी घ्या. २१ × ३१ खाने म्हणजे १२६ × १८६ मिमी, तेही ए५ वर आरामात बसतं. चौकटींच्या ओळी तेवढ्या नव्याने वाटाव्या लागतील.

ठिपके हळूहळू सरकत जातात

स्क्रायबस या पानं मांडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘मल्टिपल डुप्लिकेट’ वापरून ओळी आणि रकान्यांची जाळी करताना जे माप विचारलं जातं, ते दोन वस्तूंमधल्या मोकळ्या जागेचं असतं. ठिपका ०.२५ मिमी व्यासाचा असेल तर तिथे ४.७५ लिहायचं. सवयीने ५ लिहिलं तर प्रत्येक ठिपका पाव मिलिमीटर पुढे जातो. २५ खान्यांनंतर ही चूक सव्वासहा मिमी होते, खालपर्यंत सव्वानऊ. अडोबीच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या ‘स्टेप अँड रिपीट’मध्ये सरकण्याचं अंतर विचारतात, तिथे ५ हेच बरोबर. ठिपक्याची जागा देताना संदर्भबिंदू वस्तूच्या मध्यावर ठेवा. तो डाव्या वरच्या कोपऱ्यात राहिला तर पुढे काढलेली प्रत्येक रेषा ठिपक्याच्या मध्यातून न जाता कडेला घासून जाते.

राखाडी ठिपके गायब होतात

ही चूक सर्वांत जास्त होते आणि स्क्रीनवर ती कधीच दिसत नाही. ठिपके फिके हवेत म्हणून आपण २०-३० टक्के काळा देतो. लेझर प्रिंटरला किंवा ऑफसेटला फिकी काळी शाई नसते. ते पूर्ण काळ्या बारीक कणांच्या जाळीतून राखाडीचा आभास करतात. इंचाला १०० रेषांची जाळी धरली तर तिचा एक खाना सुमारे पाव मिमीचा. समजा ठिपका ०.४ मिमीचा ठेवला, तर तो त्या जाळीत जेमतेम दीड खाना व्यापतो. कुठे कण बरोबर मध्यात पडतो, कुठे कडेला, कुठे पडतच नाही. परिणामी पानभर ठळक-पुसट पट्टे उमटतात.

उपाय सोपा आहे: ठिपका फिका करण्याऐवजी लहान करा. १०० टक्के काळा, व्यास ०.२५ मिमी. ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर तो सुमारे सहा पिक्सेलांचा होतो, कडा स्वच्छ येतात आणि डोळ्याला तो राखाडीच भासतो. ऑफसेटवर मोठी प्रत काढणार असाल तर राखाडी स्पॉट कलर (आधीच मिसळलेली वेगळी शाई) घेऊन तो १०० टक्के छापा. चौकटींच्या रेषांनाही हाच नियम. ‘हेअरलाइन’ निवडू नका, चांगल्या मशीनवर ती दिसेनाशी होते. ०.२५ ते ०.५ पॉइंट जाडी स्वतः लिहून द्या.

मराठी मजकूर तुटतो

स्क्रायबसच्या जुन्या १.४ मालिकेत देवनागरीची जोडणी होत नव्हती. १.६ वापरा. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये ‘जस्टिफिकेशन’खाली ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलेला हवा. तो नसला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं हलंतासकट सुटी पडतात. काम सुरू करण्याआधी ही ओळ टाकून पाहा: शुक्रवार, ज्येष्ठ, मार्गशीर्ष, सुट्ट्या, दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रम. ‘दुसऱ्या’तला ऱ्या नीट उमटला नाही तर फाँट बदला. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या. छोट्या आकारात वारांची नावं वाचायला ‘मुक्त’ (Mukta) हा फाँट चांगला. दोन्ही फुकट मिळतात.

ओळींची उंची ५ मिमी म्हणजे १४.१७ पॉइंट. बेसलाइन ग्रिडला (अक्षरं ज्यांवर टेकतात त्या रेषांना) हेच अंतर द्या आणि सुरुवात पानाच्या वरच्या कडेपासून ३.५ मिमीवर ठेवा. मग १० पॉइंटचा मजकूर खालच्या ठिपक्यांच्या दीड मिमी वर बसतो. उकार ठिपक्यांना लागत नाहीत, वेलांट्या वरच्या ओळीला भिडत नाहीत.

तारखांची गडबड

५२ आठवडे गृहीत धरू नका. सोमवारपासून मोजणाऱ्या आयएसओ पद्धतीत २०२६ ला ५३ आठवडे आहेत. पहिला २९ डिसेंबर २०२५ ला सुरू होतो आणि शेवटचा ३ जानेवारी २०२७ ला संपतो.

तारखा हाताने टाइप न करता स्प्रेडशीटमधून डेटा मर्जने (तक्त्यातला मजकूर आपोआप पानांत भरणाऱ्या सोयीने) ओढा, पण फाइल साध्या सीएसव्हीत साठवली तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. युनिकोड टेक्स्ट म्हणून साठवा आणि आयात करताना एन्कोडिंग युनिकोड निवडा.

सणांची यादी उचलताना ती अमान्त (महिना अमावास्येला संपणाऱ्या) पंचांगाची आहे का ते बघा. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे २०२६ मध्ये तिकडचा श्रावण ३० जुलैला लागतो, आपला १३ ऑगस्टला. तिकडची यादी तशीच चिकटवली तर पहिला श्रावणी सोमवार १७ ऑगस्टऐवजी ३ ऑगस्टला छापला जाईल.

सगळंच छापून टाकणं

राइडर कॅरलने २०१३ मध्ये लोकांपुढे आणलेली बुलेट जर्नलची पद्धत चिन्हांवर चालते: कामाला ठिपका, झालं की त्यावर फुली, पुढे ढकललं की बाण, नोंदीला आडवी रेघ, कार्यक्रमाला गोल. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला टिकचा चौकोन छापला की तिथे फक्त कामच लिहिता येतं. नोंद आणि कार्यक्रमाला जागा उरत नाही. पहिला खाना चिन्हासाठी रिकामा सोडा, मजकूर दुसऱ्या खान्यापासून. पाणी, झोप, व्यायाम यांचे तक्ते हवेत तर वरच्या चार ओळींतच बसवा. दिवसाच्या नऊ ओळींना हात लावू नका.

छापताना आणि बांधताना

पान १ उजवीकडे येतं, म्हणून आठवडा नेहमी सम पानावर सुरू करा आणि मधे पानं घालायची तर जोडीने घाला. एकच पान घुसवलं की पुढचे सगळे आठवडे दुभंगतात.

घरी ए४ वर दोन-दोन पानं छापताना ‘फिट टू पेज’ बंद करून १०० टक्के ठेवा. ९७ टक्क्यांवर ५ मिमीचे ४.८५ होतात. पहिल्या प्रतीवर २० खाने पट्टीने मोजा, बरोबर १० सेंमी भरले पाहिजेत. ए४ आडवा असतो तेव्हा पाठपोट छपाई ‘शॉर्ट एज’वर उलटवायची, नाहीतर मागचं पान डोक्यावर येतं. कागद ९० ते १०० जीएसएमचा मॅपलिथो घ्या, ७० वर मागचे ठिपके आणि शाई दोन्ही दिसतात. प्रेसला पीडीएफ देताना पानं सुटी द्या, जोडपानं नकोत. काळा रंग फक्त ‘के’ (काळी शाई) १०० टक्के असू द्या. चार रंगांचा काळा दिला तर रंगांची जुळणी जराशी हलली तरी प्रत्येक ठिपक्याला रंगीत सावली येते.

वर्षाचा प्लॅनर म्हणजे ५३ आठवड्यांची १०६ पानं, मुखपान आणि शेवटची नोंदींची पाच धरून ११२. हे सेंटर पिनला (मधल्या घडीवर मारलेल्या पिनांना) झेपत नाही. घडी घातलेले २८ ताव एकात एक बसले की मधली पानं बाहेर येतात आणि कटिंगमध्ये त्यांचा बाहेरचा समास सुमारे ३ मिमीने कमी होतो. एवढ्याला वायरो करा. पिनच मारायची असेल तर तिमाही पुस्तिका काढा: १३ आठवड्यांची २६ पानं, पुढे मुखपान, मागे नोंदींचं एक, एकूण २८, म्हणजे फक्त सात ताव. ५३वा आठवडा चौथ्या पुस्तिकेत जातो, ती ३२ पानांची धरा.