टांकसाळीची चूक की खाऱ्या पाण्याची करणी?
दाभोळच्या खाडीत ओहोटीला सापडलेलं वेडंवाकडं नाणं "मिसप्रिंट" म्हणून विकायला निघण्याआधी भिंग घ्या आणि कड बघा. ठसा सरकून बसला असेल तर एका बाजूला गुळगुळीत कोरी चंद्रकोर दिसते आणि छापलेली अक्षरं मात्र ठळक, धारदार असतात. मार लागलेल्या नाण्यावर धातू ढकलला जाऊन शेजारी उंचवटा येतो, अक्षरं चेपतात. समुद्रातलं नाणं तर बोटालाच कळतं: बारीक खड्डे, खरखरीत अंग, वाळूने गोल झालेली कड.

शंका उरली तर ओळखीच्या सोनाराकडे वजन करा. १९९२ नंतरचं तांबं-निकेलचं, अकरा कडांचं २ रुपयांचं नाणं ६ ग्रॅमचं. ठसा सरकला तरी धातू तेवढाच राहतो, म्हणून वजन भरतं. खारं पाणी किंवा कानस मात्र धातू खाते. कडेचा तुकडाच नसेल तर समोरची कड पाहा. टांकसाळीतच तसं झालेलं असेल तर ती बहुधा पुसट उठलेली असते.

आणि कृपा करून आमसुलाने घासू नका! खरी चूक असली तरी घासलेल्या नाण्याला संग्राहक भाव देत नाहीत.