लोरिस पाहायला जाताना: सोलापूरच्या निसर्गप्रेमींसाठी

नान्नजच्या माळरानावर काळवीट आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहण्याची ज्यांना सवय आहे, अशा सोलापूरकरांना लोरिस पाहण्यासाठी निरीक्षणाची पद्धत मुळातूनच बदलावी लागते. वीतभर लांबीचा, जेमतेम पाव किलो वजनाचा आणि झाडावरच आयुष्य काढणारा हा निशाचर प्राणी आपल्या जिल्ह्यात आढळत नाही. त्यासाठी कर्नाटकात तुमकूरजवळच्या नागवल्लीसारख्या गावाकडे, किंवा तामिळनाडूत करूर व दिंडिगल जिल्ह्यांत २०२२ साली घोषित झालेल्या कडवूर लोरिस अभयारण्याच्या परिसरात जावे लागते. तुमकूरसाठी उद्यान एक्स्प्रेसने बंगळूर गाठून पुढे जाणे सोयीचे पडते. रात्री फिरण्यासाठी स्थानिक वनाधिकाऱ्यांची परवानगी आधीच घ्यावी आणि गावातला माहीतगार माणूस सोबत असल्याशिवाय निघू नये.

मात्र सराव सोलापुरातच करावा. लोरिसच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परत फेकणारा थर असतो आणि त्यामुळे टॉर्चच्या उजेडात त्याचे डोळे तांबूस-नारिंगी चमकतात. परंतु ती चमक दिसण्यासाठी टॉर्च कमरेशी न धरता आपल्या डोळ्यांच्या रेषेत धरावा लागतो. गावाबाहेरच्या एखाद्या पायवाटेवर अंधार पडल्यावर हे करून पाहावे. जमिनीवर बसलेल्या रातवा या निशाचर पक्ष्याचा डोळा, गवतातल्या कोळ्यांचे बारीक ठिपके आणि मांजराची हिरवट चमक यांतला फरक काही फेऱ्यांत नजरेत बसतो. लोरिसचे दोन्ही डोळे समोर आणि अगदी जवळजवळ असल्याने चमक जोडीने दिसते. हा प्राणी उड्या मारत नाही, त्यामुळे ती जोडी फांदीवरून संथपणे सरकत जाते.

टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बसवावा. प्रखर पांढरा झोत या डोळ्यांना त्रासदायक ठरतो, म्हणून फ्लॅश तर पूर्णपणे वर्ज्य समजावा; छायाचित्र मिळाले नाही तरी चालेल, असे मनाशी ठरवूनच निघावे.

दिवसा लोरिस काटेरी झुडपांच्या गचपणात अंगाचा गोळा करून, बऱ्याचदा आपल्या गटासह झोपतात. सूर्य मावळल्यावर ते जागे होतात, एकमेकांचे अंग चाटून साफ करतात आणि मग एकेकटे भक्ष्य शोधायला पांगतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वीच जागेवर पोहोचावे. शेताच्या बांधावरची झाडी, बाभळी आणि वेलींची दाट जाळी सावकाश न्याहाळावी. मुंग्या, वाळवी, भुंगेरे हे त्यांचे मुख्य खाद्य आहे. एखादा लोरिस एकाच ठिकाणी थबकलेला दिसला, तर तिथून अजिबात हलू नये, कारण पाहण्यासारखे जे असते ते याच वेळी घडते. मागच्या पायांनी फांदी घट्ट धरून तो पुढचे अंग हळूहळू ताणत नेतो आणि एका झटक्यात हातांनी किडा पकडतो. संपूर्ण रात्रीत एवढे एकच दृश्य नीट पाहायला मिळाले, तरी प्रवास सार्थकी लागला असे मी मानतो.

साधारण साडेपाच महिन्यांच्या गर्भकाळानंतर मादीला एक किंवा दोन पिल्ले होतात. सुरुवातीचे काही आठवडे पिल्लू तिच्या पोटाला बिलगून असते. पुढे ती त्याला रात्री फांदीवर ठेवून खाण्याच्या शोधात जाते आणि नंतर परत येऊन घेऊन जाते. म्हणून फांदीवर एकटे दिसलेले पिल्लू पोरके आहे असे समजून कोणीही उचलू नये.

पैसे घेऊन लोरिस पकडून हातावर दाखवतो, असे कोणी सांगितल्यास ठाम नकार द्यावा. त्याच्या डोळ्यांत औषधी किंवा वशीकरणाची शक्ती असते, या अंधश्रद्धेने आजवर असंख्य लोरिसांचे बळी घेतले आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश असल्याने त्याला पकडणे किंवा पाळणे हा गंभीर गुन्हा आहे. असा प्राणी सोलापुरात कोणाकडे आढळला, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

नोंदवहीत वेळ, झाडाची जात, जमिनीपासूनची अंदाजे उंची आणि लोरिस काय करत होता हे लिहावे. नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. शेजारच्या झाडाची फांदी हाताला लागत नसेल, तर लोरिसला जमिनीवर उतरून चालावे लागते आणि रस्त्यावर तो वाहनांखाली येतो किंवा तारांचा आधार घेताना विजेच्या धक्क्याने मरतो. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या कुठे तुटल्या आहेत, याची नोंद परतण्यापूर्वी तिथल्या वनरक्षकाकडे अवश्य द्यावी.