वाडा मोजताना: वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात केव्हा ना केव्हा एखादी जुनी इमारत मोजून कागदावर उतरवण्याचे काम येते, आणि पुणे, वाई, सातारा किंवा नाशिक या बाजूला शिकणाऱ्यांच्या वाट्याला त्यासाठी बहुधा वाडा येतो. या कामात एकच गोष्ट कसोशीने सांभाळायची असते: वाडा आज जसा उभा आहे तसाच तो कागदावर आला पाहिजे. झुकलेला खांब सरळ काढला, वाकलेली तुळई, म्हणजे खांबांवरचे आडवे जाड लाकूड, सरळ रेषेत ओढली, तर त्या वाड्याला नेमके काय होते आहे हे सांगणारा पुरावाच आपण पुसून टाकतो.

मोजायला जाण्यापूर्वी एक दिवस नुसते पाहण्यासाठी ठेवावा. पुण्यात असाल तर विश्रामबागवाड्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्या बाजीरावाने 1807 च्या सुमारास बांधून घेतलेल्या या वाड्याच्या दर्शनी भागातील लाकडी सज्जा आणि सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब रस्त्यावर उभे राहूनही नीट पाहता येतात. खांबाखालचा दगडी तळखडा, खांबावरचे हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी हात), त्यांवर तुळई, तुळईवर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचे छत) हा क्रम एकदा डोळ्यांत बसला की आपल्या वाड्यात कुठे काय बदलले आहे ते आपोआप खुपू लागते.

परवानगीचा भाग पुष्कळ विद्यार्थी उरकून टाकतात, आणि तिथेच काम अडते. बऱ्याच वाड्यांत मालक आणि जुने भाडेकरू यांच्यात वर्षानुवर्षे वाद चाललेले असतात. अशा ठिकाणी टेप घेऊन आलेली चार मुले पाहिली की ही बिल्डरची माणसे आहेत असाच पहिला समज होतो, आणि तो अगदीच निराधार नसतो. म्हणून महाविद्यालयाचे पत्र मालकांबरोबरच प्रत्येक बिऱ्हाडाला दाखवावे, कोणत्या दिवशी कोणत्या खोलीत येणार ते आधी सांगावे, दुपारी दोन ते चार कोणाच्या दाराची कडी वाजवू नये आणि देवघराची मापे घरातल्यांच्या सोयीने घ्यावीत.

प्रत्यक्ष मोजणीसाठी तिघांचा गट पुरतो. एकाने टेपचे शून्य धरावे, दुसऱ्याने माप वाचावे, तिसऱ्याने ते मोठ्याने उच्चारून लिहावे. खण, म्हणजे दोन खांबांमधले अंतर, सुटे सुटे मोजून बेरीज करू नये, कारण प्रत्येक मापातली लहानशी चूक बेरजेत साठत जाते. टेप एका टोकाला धरून सर्व खांबांची मापे सलग वाचावीत. चौकाच्या आणि प्रत्येक खोलीच्या चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्ण घ्यावेत. दुसऱ्या वर्षी आमच्या गटाने चौक डोळ्यांनी चौरस दिसला म्हणून कर्ण घेतलेच नाहीत. चार दिवसांनी मागच्या सोप्याची मापे बसवायला घेतली तेव्हा नकाशा जुळेना, आणि तो चौक मुळात तिरका आहे हे कळल्यावर सगळे काम पुन्हा करावे लागले.

उंचीसाठी पाण्याची नळी अजूनही उत्तम साधन आहे. पारदर्शक नळीत बुडबुडा न ठेवता पाणी भरून चौकाभोवती एकाच पातळीच्या खुणा कराव्यात आणि जोते, उंबरठा, गवाक्ष, तुळई यांची मापे त्या पातळीपासून वर किंवा खाली घ्यावीत. खुणा खडूने कराव्यात, कारण चिकटपट्टी काढताना जुन्या चुन्याचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून येतो.

तुळईचा बाक मोजण्याची रीत थोडी सावकाश समजून घेण्यासारखी आहे. तुळईच्या दोन्ही टोकांना तिच्या तळापासून बरोबर 20 सेंटिमीटर खाली बारीक नायलॉनची दोरी ताणून बांधावी. मग दर अर्ध्या मीटरवर दोरीपासून तुळईच्या तळापर्यंतचे अंतर घ्यावे. मधोमध ते 14 सेंटिमीटर भरले, तर तुळई तिथे 6 सेंटिमीटर खाली आली आहे. आता तिच्या बरोबर वर माडीवर जाऊन पाहावे: कोणी नवी भिंत घातली आहे का, पाण्याची टाकी ठेवली आहे का, की तुळईचे भिंतीत गेलेले टोक ओलीने कुजले आहे? खांबांचा झोक ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) सोडून दोन दिशांना मोजावा. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मिळते, पण कोनाडे, फडताळे आणि भिंतीच्या पोटातले जिने नकाशात सुटणार नाहीत याची खात्री दोन्ही बाजूंची मापे ताडून करावी.

मापांइतकीच माहिती माणसांकडे असते. आजी सहज सांगतात की आता जिथे गॅसची शेगडी आहे ती धान्याची कोठी होती. पुण्यात नदीकाठच्या पेठांमध्ये 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुराची विचारणा अवश्य करावी, कारण कच्च्या विटांच्या पुष्कळ भिंती तेव्हा विरघळून पडल्या, आणि नंतर पक्क्या विटा व सिमेंटने उभारलेल्या भिंती नकाशात वेगळ्या दाखवल्या की वाड्याचे वय थरांनी उलगडते. अशा भिंतींवर सिमेंटचा गिलावा असला तर त्याच्या कडेने शेजारच्या चुन्याच्या भिंतीला ओल धरली आहे का तेही नोंदवावे. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही, ती वाट काढत शेजारी जाते.

रेखाटन त्याच रात्री सुरू करावे, म्हणजे सुटलेली मापे दुसऱ्या दिवशी घेता येतात. नकाशा आणि छेद (इमारत उभी कापली तर आत जसे दिसेल ते चित्र) 1:50 या प्रमाणात, हस्त व खांबांचे तपशील 1:10 किंवा 1:5 मध्ये काढले तर कोरीवकाम वाचता येते. संगणकावर काढताना मापे ‘सरळ करून’ टाकण्याचा मोह फार होतो. तो कटाक्षाने टाळावा.

पुढे याच वाड्यावर स्टुडिओत वाचनालयाचा किंवा वसतिगृहाचा आराखडा करायचा असेल, तर हेच नकाशे निर्णय देतात. नवी स्वच्छतागृहे आणि जिने नंतर भर घातलेल्या भागात न्यावेत, मूळ लाकडी सांगाड्याला छेद देऊ नये, आणि नवे बांधकाम असे जोडावे की उद्या ते काढले तरी जुन्या खांबाला खाच उरणार नाही. जुरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, याविषयी प्रश्न आला, तर बाकाचे माप दाखवून उत्तर देता येते.

सबमिशन झाल्यावर नकाशांचा एक पूर्ण संच वाड्यात नेऊन द्यावा. पुढच्या पावसाळ्यात छत गळू लागले, की कोणती तुळई आधी उतरवायची हे सुतार त्या छेदावर बोट ठेवून विचारेल.