सुरतेहून जळगावला बिऱ्हाड आणताना करायची तयारी

खानदेशातून कामधंद्यासाठी सुरतेला गेलेली घरे पुष्कळ आहेत. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत अहिराणी घराघरांत बोलली जाते, आणि जळगाव–सुरत रेल्वेमार्गामुळे लग्नकार्याला येणे-जाणे सतत चालू असते. त्यामुळे तिकडचे बिऱ्हाड मोडून जळगावला यायचे ठरले, की आपल्याच मुलखात तर जायचे आहे असे वाटते आणि तयारी निम्मीच होते. आमचेही तसेच झाले. चौदा वर्षे सुरतेत राहून आम्ही जळगावला आलो, तेव्हा राहून गेलेल्या तीन कागदांसाठी तीन वेळा परत जावे लागले आणि प्रत्येक खेपेला रजा मोडली. नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात तर दुसरा गुजरातेत आहे. प्रवाशाला ती सीमा जाणवत नाही, पण शाळेचा दाखला, गाडीची नोंदणी आणि गॅसची जोडणी यांना ती पुरेपूर जाणवते. म्हणून सुरतेत बसून जी कामे उरकायची, ती या यादीत आधी घेतली आहेत आणि जळगावला पोहोचल्यावरची मागाहून.

ट्रक ठरवण्याच्या किमान दोन महिने आधी मुलांच्या शाळेत जाऊन दाखल्यासाठी अर्ज द्यावा. राज्य बदलत असल्याने शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिकडच्या जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते, आणि हे काम उन्हाळी सुटीत लांबते. मुख्याध्यापक गावी गेलेले असतात आणि कार्यालयात माणूस कमी असतो. दाखल्यावरचे नाव, जन्मतारीख आणि आईचे नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे तिथेच उभे राहून पाहावे, कारण चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच शाळेला असतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना केवळ दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. तरी त्यावर विसंबून दाखला मागे ठेवू नये.

मूल गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकले असेल, तर मराठीची तयारी दिवाळीपासूनच सुरू करावी. २०२०च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला आहे. घरात अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मराठी सहज समजते, पण ते लिहिताना अडते. गुजराती लिपीत अक्षरांवर शिरोरेघ नसते. आमची मुलगी पहिले दोन महिने पूर्ण ओळ रेघेवाचून लिहून काढी आणि शेवटी पट्टी ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढी. त्यामुळे सगळे शब्द एकमेकांना चिकटत आणि वाक्य कुठे तुटते ते कळत नसे. तिच्या बाईंनी तिला रोज पाच ओळी, प्रत्येक शब्दाची रेघ वेगळी देऊन, लिहायला लावल्या. हा सराव सुटीतच करून घेतला असता तर शाळेतले तिचे पहिले दिवस सोपे गेले असते, याची मला आजही रुखरुख वाटते.

दुचाकी किंवा चारचाकी सुरतेची असेल, तर तिथल्या परिवहन कार्यालयातून ना-हरकत प्रमाणपत्र घेतल्याशिवाय निघू नये. हा अर्ज नमुना २८ मध्ये करावा लागतो, आणि गाडीवर कर्ज असेल तर त्याआधी बँकेचे संमतिपत्र लागते. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची झाल्यास तिथला नोंदणी क्रमांक घेणे मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे जीजे-०५ची गाडी वर्षाच्या आत एमएच-१९ झाली पाहिजे. इकडे कर नव्याने भरावा लागतो. त्यामुळे जुनी गाडी आणण्याऐवजी तिकडेच विकून टाकणे परवडते का, याचा हिशेब निघण्यापूर्वी करावा.

गॅसच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. सिलिंडर असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून टर्मिनेशन व्हाउचर (जोडणी बंद केल्याचा कागद) व अनामत रक्कम घ्यावी; त्या व्हाउचरवर जळगावला नवी जोडणी मिळते, मात्र अनामत आजच्या दराने भरावी लागते. सुरतेत पुष्कळ घरांत नळाने येणारा गॅस असतो, आणि तिथली शेगडी तशीच आणून सिलिंडरला जोडणे धोक्याचे आहे. नळाच्या गॅससाठी शेगडीच्या जेटचे छिद्र मोठे केलेले असते. त्यातून सिलिंडरचा गॅस गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी चहाचे पातेले ठेवले तेव्हा पिवळी ज्योत पातेल्याच्या काठापर्यंत वर आली आणि बूड काजळीने काळे झाले. शेगडी ताबडतोब बंद करून दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून जेट बदलून घेतले. हे काम सामान उतरण्याआधीच सांगून ठेवावे.

ज्यांचे मूळ घराणे खानदेशातले आहे, त्यांनी आणखी एक काम येण्यापूर्वी गावाकडून करून घ्यावे. इतर मागासवर्गाच्या जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरातला उतारा, जुना सातबारा किंवा गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची जुनी नोंद) यांपैकी जे मिळेल ते काढून ठेवावे. अधिवासाच्या दाखल्यासाठी साधारणतः १५ वर्षांचे महाराष्ट्रातील वास्तव्य दाखवावे लागते, ही गोष्ट दहावी-बारावीतल्या मुलांच्या पालकांनी प्रवेशाच्या वर्षी नव्हे तर आजच लक्षात घ्यावी. रेशनकार्डातून नावे कमी केल्याचा दाखलाही सोबत आणावा. आरोग्यविम्याचे कार्ड, डॉक्टरांचे जुने रिपोर्ट आणि विजेचे शेवटचे बिल एका पिशवीत घालून ती पिशवी ट्रकमध्ये न देता स्वतःजवळ ठेवावी.

सामान हलवण्याची तारीख ठरवताना आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, कधी आहे ते पाहावे. एप्रिल-मेमध्ये येणारा हा सण खानदेशात दिवाळीइतका मोठा असतो. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्यांचे, वर्ष त्याच दिवशी संपते आणि नवे सुरू होते. त्या दोन-तीन दिवसांत सामान उतरवायला हमाल मिळत नाहीत, आणि त्यांना त्या दिवशी बोलावणेही बरे नव्हे. सामानाची सही केलेली यादी ट्रकचालकाजवळ द्यावी, म्हणजे वाटेत कुणी विचारले तर घरगुती वापराचे सामान आहे हे दाखवता येते.

आता घराबद्दल. जळगावात घर पाहायला जाताना भाड्याआधी पाण्याबद्दल विचारावे. शहराला वाघूर धरणातून पाणी येते, पण नळ रोज येत नाही. दिवसाआड किंवा त्याहूनही अधिक अंतराने येतो, आणि प्रत्येक भागाची वेळ निराळी असते. सुरतेत रोजच्या पाण्याची सवय लागलेल्या माणसाला हा बदल सर्वांत जड जातो. खाली हौद आहे का, गच्चीवरची टाकी किती लिटरची आहे, मोटर स्वतंत्र आहे की चार भाडेकरूंत मिळून, आणि बोअरचे पाणी असल्यास त्याने डाळ शिजते का, हे घरमालकाला आणि मग शेजारच्या बाईंनाही विचारावे. दुसरे उत्तर बहुधा अधिक खरे निघते.

पाण्यापाठोपाठ ऊन पाहावे. सुरतेचा उन्हाळा दमट असतो, जळगाव-भुसावळचा कोरडा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सर्वांत वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत उघडी असलेली खोली संध्याकाळी सातनंतरही भट्टीसारखी तापलेली असते, म्हणून घर दुपारी चार वाजता पाहावे आणि त्या भिंतीला हात लावून पाहावा. या कोरड्या हवेत कुलर फार चांगला चालतो, कारण पाणी झपाट्याने वाफ होऊन हवा थंड करते. समुद्राजवळच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून सुरतेच्या पुष्कळ घरांत तो नसतोच. कुलर बसेल अशी खिडकी आणि त्याची हवा बाहेर पडायला समोर दुसरी खिडकी, दोन्ही असल्याची खात्री करावी. कुलरलाही दिवसाला काही बादल्या पाणी लागते, म्हणून टाकी मोजताना तेही धरावे.

घर पसंत पडले की करारनामा लेखी आणि नोंदणीकृतच करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदणी न केल्यास वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात, जोवर घरमालक तसे नाही हे सिद्ध करत नाही. तरीही नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू असे सांगणारे भेटतात; त्यांना नम्रपणे नकार द्यावा, कारण पुढची सगळी कामे याच कागदावर अवलंबून आहेत. त्याच्या आधारे आधार कार्डावरचा पत्ता बदलावा, आधारवरून बँकेतला, विम्यातला आणि गॅसचा. मतदारयादीसाठी नमुना ८ भरावा. नमुना ६ केवळ नव्या मतदारांसाठी आहे. रेशनचे धान्य सुरू असलेल्या कुटुंबांना एक देश एक रेशनकार्ड योजनेमुळे नवे कार्ड होईपर्यंत इथल्या दुकानातूनही धान्य घेता येते. राहायला आल्याच दिवशी विजेच्या मीटरवरील आकड्याचा फोटो काढून घरमालकाला पाठवावा.

वर्षाचे धान्य सुरतेहून आणू नये. दादर ज्वारी उन्हाळ्यात बाजारात येते, आणि जळगावात डाळमिल इतक्या आहेत की तूर व उडीद इथेच घेणे सोयीचे. कळण्याच्या भाकरीचे पीठ दळून घ्यायचे, तर ज्वारीत उडदाचे प्रमाण किती टाकायचे हे गल्लीतल्या एखाद्या आक्कांना विचारावे. प्रत्येक घराचे माप वेगळे असते, आणि त्या निमित्ताने नळ किती वाजता येतो, मोटर कुणी आधी लावायची हेही त्यांच्याच ओट्यावर कळते.